मुठीची चांदी

दुधाच्या दुकानात त्रिशलाचा खिसा लाल झाला, तेव्हा तिच्या कडेवर पेकू होती आणि पेकूच्या दोन्ही हातांत आईचे केस होते.

खिसा म्हणजे फोनमधला सरकारी खिसा. कापडाचे खिसे हुपरीत अजून शिवले जात, पण त्यांत आता रुमाल आणि बडीशेपच असायची. देणं-घेणं, पगार, वीज, गाडीचं कुलूप, सगळं त्या एका हिरव्या चौकोनावर चालायचं. तो चौकोन हिरव्याचा पिवळाही न होता एकदम लाल झाला.

"परत लाव बघू," जिनाप्पाकाका म्हणाले.

तिनं परत लावला. लालच. काकांनी काउंटरवरची पिशवी हळूच आपल्या बाजूला ओढून घेतली, आणि ओढताना तिच्याकडं बघायचं टाळलं.

"त्रिशला, रागावू नको गं. लाल खिशाला दिलं की देणाऱ्याचा आधी पिवळा, मग लाल होतोय. माझ्या दुकानावर सात माणसं आहेत."

"काका, तिचं दूध आहे."

"कळतंय की मला. पण त्या मेल्या चौकोनाला कळत नाही ना."

पेकूनं पिशवीकडं हात केला. पिशवी आली नाही म्हणून तिनं आईचे केस आणखी जोरात ओढले. रस्त्यात उभं राहून त्रिशलानं फोनवरचा मजकूर वाचला. *मालमत्ता गोठवली. कारण: प्रतिबंधित हितसंबंध. वस्तू: चांदीची लगड, वजन बारा किलो. सारवा खोऱ्यातील चांदीचा अंश: पाच टक्के.*

लगड म्हणजे तिच्या भट्टीत परवा ओतलेली चांदीची वीट. कोल्हापूरच्या तपासणी नाक्यावर त्रिशला तिचा नमुना देऊन आली होती. चाळीस घरांची चांदी होती ती. तिची एकटीची त्यात बोटभरही नव्हती.

*

त्रिशला मगदूम झारेकरी होती. हुपरीत घरोघरी पैंजण घडतात, आणि जिथं चांदी घासली जाते तिथं ती उडतेही. जमिनीवर, कपड्यांवर, हात धुतलेल्या पाण्यात, पॉलिशच्या चिंध्यांत, कारागीर बसतो त्या पोत्याच्या धाग्यांत. ती सगळी झाडलोट गोळा करायची, जाळायची, धुवायची आणि त्यातून चांदी परत काढायची, हा झारेकऱ्याचा धंदा. सासऱ्यांच्या हाताखाली ती तो शिकली. नवरा संमेद टेम्पो चालवायचा, त्याला धुराचं वावडं होतं. सासरे गेले आणि भट्टी सुनेकडं आली.

वर्षातून एकदा चाळीस घरांची झाडलोट एकाच मुशीत, म्हणजे भट्टीवरच्या भांड्यात, वितळवायची आणि ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणं वाटून द्यायची, अशी रीत होती. त्या दिवशी प्रत्येक घर आणखी एक गोष्ट करायचं. चांदीची एक मूठ, न मोजता, मुशीत टाकायची. त्या साऱ्या मुठींची मिळून जी चांदी भरेल ती त्या वर्षी ज्याचे हाल झाले असतील त्या घराला. मूठ टाकताना बाकीच्यांनी तोंड फिरवायचं. कुणी भरून टाकली, कुणी रिकामीच उघडली, हे बघायचं नाही, विचारायचं नाही, झारेकऱ्याला दिसलं तरी त्यानं बोलायचं नाही. ह्याला म्हणायचे मुठीची चांदी.

ही रीत शेकडो वर्षं बिनबोभाट चालली, कारण वितळलेली चांदी मुकी असते, असा सगळ्या जगाचा समज होता. पैंजण असो, ताट असो, चोरीचा मुकुट असो, एकदा आटवला की कुठून आला ते संपलं. तो समज सात-आठ वर्षांपूर्वी एका यंत्रानं मोडला.

चांदीचे अणू दोन वजनांचे असतात, एक हलका, एक किंचित जड. कुठल्या खाणीत कुणाचं प्रमाण किती, ह्यात केसाएवढा फरक असतो. शिवाय चांदी कितीही गाळा, तिच्या पोटात शिशाचा कण उरतोच. आणि शिशाचे अणू ज्या खडकातून ते निघाले त्या खडकाचं वय सांगतात. आग ह्यातलं काहीच पुसू शकत नाही. त्या यंत्रातून एक किरण चांदीवर पडायचा, डोळ्यांना दिसणार नाही एवढा कण वाफ होऊन उडायचा, त्या वाफेतले अणू मोजले जायचे आणि जगातल्या साडेचार हजार खाणींच्या नोंदींशी ताडून पडद्यावर उत्तर यायचं, की ह्यात अमक्या खाणीचे एवढे टक्के, तमक्या खाणीचे तेवढे. दहा डागिने एकत्र आटवा, यंत्र ते दहाही परत वेगळे करून दाखवायचं. निदान कागदावर तरी. सरकारी कागदांत त्याचं नाव धातुमूलदर्शक होतं. हुपरीत त्याला कुत्रं म्हणत.

आणि ह्या कुत्र्याला हुंगायला दिलं होतं सारवा खोरं. समुद्रापलीकडच्या त्या देशात एका सेनापतीनं चांदीच्या खाणी बळकावल्या होत्या आणि कैद्यांना साखळीला बांधून त्या चालवत होता. सव्वीस देशांनी मिळून त्याच्यावर आर्थिक निर्बंध घातले. त्याचं जे जे असेल, ज्यात ज्यात त्याचा वाटा असेल, ते जगात कुठंही सापडलं तरी जागच्या जागी गोठवायचं. सारव्याची चांदी दोन टक्क्यांच्या वर ज्या धातूत निघेल तो धातू बंद. तो ज्याच्या ताब्यात सापडेल त्याचा खिसा बंद. त्याच्याशी व्यवहार करील त्याचाही. आधी शोधायला माणसं लागायची आणि माणसं थकायची. आता कुत्रं थकत नव्हतं.

*

दुपारी निर्बंध कक्षाचे निरीक्षक आले. अनिकेत सबनीस, तिशीतला, घामाघूम, बोलायला मऊ माणूस. त्यांनी लगडीभोवती कागदासारखी पातळ पट्टी, म्हणजे सरकारी मोहोर, गुंडाळली. लगड बोटभर हलली तरी कोल्हापुरात घंटा वाजेल, असं त्यांनी समजावून सांगितलं. पेकूनं त्यांना आपला चमचा दिला. त्यांनी तो घेतला आणि सगळं बोलणं होईपर्यंत हातातच धरून ठेवला.

"जप्त नाही केलेली, ताई. तुमचीच आहे, तुमच्याच घरी राहील. फक्त विकायची नाही, द्यायची नाही, गहाण ठेवायची नाही, वितळवायची नाही, हलवायची नाही."

"मग माझी कशी?"

"मालकी आहे. वापर बंद."

"ह्याला आमच्यात टाकलेली बायको म्हणतात," दारातून आवाज आला. शेजारच्या नसीमभाभी उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या घुंगरं ओतायच्या. त्रिशला भट्टीवर असली की पेकू त्यांच्याच मांडीवर असायची. "नाव नवऱ्याचं, आणि चुलीला हात लावायचा नाही."

सबनीस कसनुसं हसले. "सुटायचा मार्ग आहे. सोपा आहे. सारव्याची चांदी कुणी आणली त्याचं नाव लिहून द्यायचं. तुम्ही निर्दोष धारक ठरता. संध्याकाळपर्यंत खिसा हिरवा."

"आणि ज्याचं नाव लिहीन तो?"

"तो यादीत जाईल. तो आणि त्याच्या घरचे. मग त्यानं सांगायचं, त्याला कुणी दिली."

त्रिशलानं त्यांना मुठीची रीत सांगितली. सबनीसांनी ती मन लावून ऐकली.

"नोंद?"

"नसते."

"साक्षीदार?"

"चाळीस घरं. पण मूठ टाकताना सगळे तोंड फिरवतात."

"म्हणजे साक्षीदार चाळीस, आणि बघितलं एकानंही नाही." त्यांनी चमचा दुसऱ्या हातात घेतला. "ताई, हे मी वर कसं कळवू? मला एक नाव लागतं. कोऱ्या रकान्यावर फाईल पुढं जात नाही."

"एक विचारू का, साहेब? त्या खाणीत काय चालतं ते मीही वाचलंय. निर्बंध घातले तेव्हा बरं वाटलं. पण त्या सेनापतीचं काय काय गोठलं?"

"त्याची मालमत्ता दुसऱ्यांच्या नावांवर आहे. शोध सुरू आहे."

"म्हणजे त्याच्या घरी दूध येतंय."

सबनीसांनी बॅग उघडली. मग म्हणाले, "अन्नासाठी वेगळा परवाना मिळतो. अर्ज करा. नऊ दिवस लागतात."

"ती दीड वर्षाची आहे. नऊ दिवस म्हणजे काय हे तिला कसं सांगू, तेवढं अर्जात कुठं लिहायचं ते सांगा."

*

नाव त्रिशलाला ठाऊक होतं.

झाडलोट वितळवायच्या दिवशी एक मूठ मुठीत मावणारी नव्हतीच. फडक्यात गुंडाळलेली चांदीची सुरई होती ती, मुशीच्या तोंडातून आत जाईना. ती मागच्या अंगणात नेऊन त्रिशलानं स्वतःच्या हातोड्यानं ठेचली होती. फडकं नसीमभाभींचं होतं.

संध्याकाळी नसीमभाभी पदराखाली लोटी घेऊन आल्या. लोटीत दूध होतं.

"भाभी, तुमचापण लाल होईल. माझ्याशी देणं-घेणं गुन्हा आहे."

"तुला कोण देतंय? मी हिला देते. हिचा कुठं आहे खिसा?" त्यांनी पेकूला मांडीवर ओढलं, वाटी तिच्या तोंडाला लावली आणि वर न बघताच म्हणाल्या, "सुरई माझीच."

"मला काही माहीत नाही."

"मिरजेच्या बाजारात भंगारवाल्याकडं मिळाली गं, त्याचं ना नाव माहीत ना गाव. इरफानला तिकडं परदेशात दवाखान्यात नोकरी लागली त्याच आठवड्यात. म्हटलं, आपलं बरं झालंय, औंदा मूठ मोठी टाकावी. मी जाते उद्या कोल्हापूरला. सांगते, माझीच म्हणून."

"आणि इरफानचं?"

लेकाच्या नावानं भाभींचा हात थांबला. यादीत गेलेल्याच्या घरच्यांना बाहेरचा कुठलाच देश ठेवून घेत नव्हता, हे दोघींनाही माहीत होतं.

"तुम्ही जायचं नाही," त्रिशला म्हणाली. "आणि मीही सांगणार नाही. ह्या भट्टीवर आजवर कुणाची मूठ बोलून दाखवलेली नाही. माझ्यापासून सुरुवात व्हायची नाही."

"पण हिचं कसं करशील?"

"ते बघते."

काय बघणार होती ते तिलाही माहीत नव्हतं.

*

संमेदचा खिसाही लाल झाला होता. नवरा-बायको कायद्याला एकच. टेम्पो सुरू होईना, कारण टेम्पोचं कुलूपही खिशालाच जोडलेलं. तो दोन दिवस घरात येरझाऱ्या घालत राहिला.

"तुला माहीत आहे," तिसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला. "मला शिकवू नको, तुझ्या तोंडावर दिसतंय. नाव सांग आणि मोकळी हो."

"नाही."

"एका परक्या माणसासाठी पोरीच्या तोंडचं काढतीस?"

"परकं कोण, संमेद? हिला पहिल्यांदा चालवलं कुणी? मी भट्टीवर होते आणि तू नागपूरच्या वाटेवर होतास."

तो चिडला, कारण ते खरं होतं. मग त्यानं खिशातून कागद काढला. विभक्त निवासाचं घोषणापत्र. नवरा-बायको तीस दिवस वेगळे राहणार असं लिहून दिलं, की एकाचं बंधन दुसऱ्यावरून उठायचं. "नुसतं कागदावर. मी इचलकरंजीला ताईकडं राहतो. टेम्पो सुरू होईल. दूध तरी आणता येईल."

"आणि माझ्याकडं पोचवणार कसं? मग तर मी तुझी कुणीच नसेन."

त्यानं कागदावर सही केली नाही. फाडलाही नाही. पेकूची गोधडी घडी केली, परत उलगडली, परत घडी केली, आणि कागद खिशात घालून चालत एसटी स्टँडकडं गेला. एसटीला अजून नाणी चालत होती.

त्या दुपारी त्रिशलानं पेकूसाठी मुगाची खिचडी लावली. मन थाऱ्यावर नव्हतं, मीठ दोनदा पडलं. पेकूनं पहिला घास तोंडात घेतला आणि सगळा आईच्या हातावर परत दिला.

"थांब माझी बाय, थांब."

डब्यात मूठभर तांदूळ होते. तिनं ते वेगळे शिजवले आणि खिचडीत मिसळले. चव घेतली. अजून थोडं. मीठ गेलं कुठंच नव्हतं. जेवढं पडलं होतं तेवढं सगळं आतच होतं. पण आता पेकू खात होती.

त्रिशला पातेल्याकडं बघत राहिली. मग खरकट्या हातानंच फरशीवर आकडे काढायला लागली.

बारा किलो चांदी. त्यात सारव्याची सहाशे ग्रॅम. पाच टक्के. कुत्र्याला चांदी परत वेगळी करता येत नव्हती; त्याला फक्त प्रमाण कळत होतं. सहाशे ग्रॅमला दोन टक्क्यांखाली दाबायचं तर एकूण चांदी तीस किलोच्या वर जायला हवी. म्हणजे आणखी अठरा किलो, जुनी, सारव्याच्या आधीची. चाळीस घरं. घरटी अर्धा किलो.

*

ती पेकूला कडेवर घेऊन घरोघर गेली. सगळ्यांना एकच सांगितलं, आणि काही लपवलं नाही.

"लगड वितळवायची म्हणजे मोहोर तोडायची. तो गुन्हा आहे, तो माझ्यावर. तुम्ही चांदी घातली तर तुम्हीही बंद मालाशी व्यवहार केला असं होणार. सगळे आलात तर दोनच्या खाली जाते, कुणाचाच खिसा लाल राहत नाही आणि वाटणीत चांदी ज्याची त्याला परत. अर्धेच आलात तर जे आले त्या सगळ्यांचे लाल. एवढंच आहे."

"आणि तू नाव सांगितलंस तर?" भूपालशेटनी विचारलं. हुपरीत सगळ्यांत मोठा कारखाना त्यांचा आणि सगळ्यांत मोठं तोंडही त्यांचंच.

"तर एकाच घराचा लाल होईल."

"मग झालं की! हिशेब सोपा आहे."

"पुढच्या वर्षी भंगारातून तुम्ही काय उचललं असेल ते तुम्हाला तरी माहीत आहे का, शेट? तेव्हापण हिशेब सोपाच असेल."

"जा, जा. वेडी झालीस." त्यांनी दार लावलं, तेही जरा जोरातच.

भट्टी शनिवारी सकाळी दहाला पेटली. गॅस घ्यायला खिसा नव्हता, म्हणून तिनं सासऱ्यांच्या वेळची कोळशाची भट्टी साफ केली. मोठी मूस ठेवली. मग कात्री घेतली आणि सबनीसांची पट्टी कापली. कोल्हापुरात घंटा वाजली असेल. इथं नुसता कागद फाटल्याचा आवाज आला.

बारा किलोची लगड मुशीत बसली. नऊशे एकसष्ट अंशांना चांदी वितळते. आधी कडा ओलावतात, मग मध्ये खळगा पडतो, मग एकदम आरशासारखी पसरते. साडेदहापर्यंत भट्टीजवळ कुणी नव्हतं. फक्त नसीमभाभी होत्या, त्यांच्या मांडीवर पेकू होती.

मग पलीकडच्या गल्लीतली कमळाक्का आली. तिनं पिशवीतून आजेसासूचे तोडे काढून मुशीत सोडले, आणि दारांतले लोक सवयीनं तोंडं फिरवायला लागले तशी ओरडली, "आज बघा की सगळे! आज कशाला फिरवताय?" तिच्या मागून दोघे भाऊ आले. मग एक जण अत्तरदाणी घेऊन आला. साडेअकरापर्यंत अठरा घरं झाली. त्यानंतर रस्ता परत रिकामा झाला. लोक दारांत उभे होते, एकमेकांकडं बघत होते. भट्टीकडं पाऊल उचलत नव्हते.

तेवढ्यात सबनीसांची गाडी आली.

"ताई, थांबा! हे थांबवा आधी. मी हा माल ताब्यात घेतोय."

"घ्या की," त्रिशला म्हणाली. "हजार अंशांवर आहे. कशात घेणार?"

रस्त्यावर कुणीतरी फिसकन हसलं. सबनीसांचा चेहरा लाल झाला, भट्टीनंही आणि हसण्यानंही. त्यांनी गाडीतून पेटीएवढं कुत्रं बाहेर काढलं. मोहोर तुटली तर जागच्या जागी नवी तपासणी घ्यायची, असा त्यांचाच नियम होता. त्रिशलानं लांब दांड्याच्या पळीनं थेंबभर चांदी काढून विटेवर टाकली. किरण पडला. पडद्यावर आकडा आला. दोन पूर्णांक सहा.

"दोनच्या वर आहे," सबनीस मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. "आत्तापर्यंत ज्यांनी चांदी घातली त्या सगळ्यांचे खिसे तासाभरात लाल होतील. आणखी कुणी घालू नका. मी विनंती करतोय."

विनंती खरी होती, आणि तिच्यामुळंच घोटाळा झाला. दारांतल्या लोकांना पहिल्यांदा कळलं की आकडा हलतोय. पाचावरून दोन पूर्णांक सहावर आलाय. अठरा घरं तासाभरात बुडणार आहेत, आणि बुडू द्यायचं की नाही हे आता दारांत उभ्या असणाऱ्यांच्या हातात आहे.

कोपऱ्यावरचा ठसे-डाय बनवणारा निरीक्षकांच्या डोळ्यांदेखत चालत आला आणि कंबरपट्टा मुशीत टाकला. "नाव लिहा साहेब. बाहुबली शेटे. हुपरीत दोन आहेत, मी बुटका." त्याच्या मागं दोघी जावा आल्या. मग एकाच वेळी पाच घरं. दोन पूर्णांक तीन. कुणी ताट टाकलं, कुणी निरांजन. दोन पूर्णांक एक.

मग पुन्हा कुणीच येईना. ज्यांना यायचं होतं ते येऊन गेले होते. मूस तोंडापर्यंत भरत आली होती, कोळसा संपत होता. त्रिशलानं गर्दीवरून नजर फिरवली. तेहतीस घरं. तिला सात घरांचा राग येत नव्हता. तिला त्या तेहतिसांची भीती वाटत होती, तिच्या शब्दावर आलेल्यांची.

"सरका! सरका म्हणतोय ना!"

भूपालशेट येत होते. दोन्ही हातांत केवढा तरी पानाचा डबा, वर अडकित्त्यापर्यंत सगळा चांदीचा. "माझ्या कारखान्यातल्या सतरा बायका इथं चांदी घालून बसल्यात. उद्या सगळ्यांचे लाल झाले तर माझी पैंजणं कोण जोडणार, हा सबनीस?" त्यांनी डबा मुशीत लोटला, आणि वितळेपर्यंत त्याच्याकडं असं बघत राहिले की कुणाला हसायचा धीर झाला नाही. "वाटणीत डबाच पाहिजे मला. वजन नको. डबा!"

आता मूस उचलून ओतायची होती. तीस किलोच्या वर चांदी. चिमट्याला दोन्ही बाजूंनी माणूस लागतो. त्रिशलानं एक दांडा धरला आणि वळून बघितलं. दुसरा दांडा संमेदनं धरला होता. तोंडाला ओला रुमाल बांधून, डोळे आधीच पाणावलेले. धूर त्याला सोसत नव्हता.

"कधी आलास?"

"मघाशी. उचल."

"कागद?"

"ताईच्या चुलीत. उचल म्हणतो ना, हात भाजतोय."

दोघांनी उचलली. चांदी साच्यात उतरली, तिच्या अंगावरून एक निळसर साय सरकली आणि लगड थिजली. सबनीसांनी कुत्रं टेकवलं. ह्या वेळी कुणीही तोंड फिरवलं नाही.

एक पूर्णांक शहाण्णव.

यंत्राला कुणाची बाजू घेता येत नव्हती. त्यानं आकडा वर पाठवला, आणि वरच्या यंत्रानं, ज्याला सेनापती माहीत नव्हता आणि त्रिशलाही माहीत नव्हती, आपला नियम पाळला. गल्लीभर फोन वाजायला लागले. त्रिशलाचा चौकोन हिरवा झाला. तिनं तो बघितलाही नाही. ती पेकूच्या गालावरची काजळी पुसत होती आणि जास्तच पसरवत होती.

सबनीस पायरीवर बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी बॅगेतून फॉर्म काढला.

"खिसा उघडला, ताई. पण मोहोर तोडल्याचा गुन्हा राहतो. आणि फाईलमधला हा रकाना अजून कोराच आहे. चांदी कुणी दिली. मी तिसऱ्यांदा विचारतोय."

"द्या इकडं."

तिनं फॉर्म घेतला, पेन मागितलं आणि त्या रकान्यात सही केली. मग फॉर्म संमेदकडं दिला. संमेदनं सही केली, कमळाक्कानं केली, बुटक्या बाहुबलीनं केली. फॉर्म हातोहात गल्लीच्या टोकापर्यंत गेला. नवव्या नंबरला नसीमभाभींची सही होती, ठळक, उर्दूत, आणि तेवढी एकच अगदी अक्षरशः खरी. रकाना भरला तसे लोक समासात लिहायला लागले. भूपालशेटनी पाठीमागं, स्वतःच्या शिक्क्यासकट.

फॉर्म परत आला तेव्हा सबनीसांनी तो दोन्ही बाजूंनी वाचला. त्यांना हसू आलं असावं, पण ते सरकारी माणूस होते.

"चौदा तारखेला अकरा वाजता कोल्हापूरला हजर राहायचं. ज्यांनी ज्यांनी सही केलीय त्यांनी सगळ्यांनी." त्यांनी फॉर्मची घडी घातली. "आमच्या कक्षात खुर्च्या बाराच आहेत."

"जमिनीवर बसू की," त्रिशला म्हणाली. "आमचं सगळं काम तसंच चालतं. तुम्ही फक्त जागा झाडून ठेवा."